मानपत्रातून गळलेली चार वर्षं

उदयसिंहराव : "…मातीच्या रणांगणावर चाळीस वर्षे अखंड तलवार गाजवणाऱ्या, घाटगे कुलोत्पन्न रणरागिणी…"

संयोगिता : दादा, थांब. ती तलवार काढ.

उदयसिंहराव : उपसलेलीच आहे.

संयोगिता : वाक्यातून काढ म्हणतेय. चाळीस वर्षं माझ्या हातात खुरपं होतं, फार तर सुरी. ढेकूळ न फोडता अलगद उचलायचं असतं. तलवारीनं जमत नाही ते.

उदयसिंहराव : अगं संयू, मानपत्र आहे हे! बहिणीचं मानपत्र भावानं लिहायचं, हा मान आपल्या मराठी मंडळानं मला दिलाय. रविवारी सभागृहात दोनशे माणसं बसणार, भास्करराव अध्यक्ष. त्यांच्यापुढे "खुरपं" लिहू? आपले पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते.

दुर्गा : रिसाल्यातल्या घोड्यांची लीद कुठल्या शेतात जायची, ते मात्र कुणी कधी लिहिलं नाही. घ्या, बडोद्याचा लीला चिवडा आणलाय, ओला. संयूताई, आधी तुम्ही घ्या. तुमच्या भावाच्या हाती वाटी गेली की परत येत नाही.

उदयसिंहराव : दुर्गाबाई, मध्ये बोलू नका. छापखान्याचा माणूस पाचला कागद न्यायला येणार आहे आणि सव्वातीन वाजलेत. पुढे ऐक, संयू. "बालपणापासूनच मृत्तिकेची अनावर ओढ असलेल्या…"

संयोगिता : बालपणी मला सर्कशीत जायचं होतं.

दुर्गा : शुं वात करो छो! खरंच?

संयोगिता : झुल्यावर. माती कॉलेजात आली, वहिनी. भूगर्भशास्त्र घेतलं होतं, तेही मैत्रिणीनं घेतलं म्हणून. एक दिवस सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली आणि म्हणाले, ओळखा, काय आहे. मी डोळा लावला, तर आत खोल्या होत्या. खोल्या, बोळ, जिने. कुठे लालसर पडदा, कुठे सोनेरी. मला वाटलं, कुठल्या तरी लेण्यांचा नकाशा असेल. सर म्हणाले, हे मागच्या हॉकीच्या मैदानातलं ढेकूळ आहे, राळेत घट्ट करून पातळ कापलेलं. त्याच मैदानातून मी रोज चपला फटकारत जायचे!

उदयसिंहराव : आणि घरी येऊन आबांना सांगितलंस, मी मातीचा अभ्यास करणार. आबा म्हणाले, "घाटगे शत्रूला माती चारतात, तपासत नाहीत."

दुर्गा : हे लिहा ने! हे किती छान आहे.

उदयसिंहराव : मानपत्रात विनोद चालत नाही. आता मुख्य भाग. "महीकाठच्या जेसंगपरा गावची, वीटभट्टीने ओरबाडून वैराण केलेली बावीस विघे गोचर भूमी आपल्या अभिनव 'संयोगिता पद्धती'ने पुनश्च हिरवीगार करून…"

संयोगिता : ती पद्धत माझी नाही.

उदयसिंहराव : वर्तमानपत्रात तसं छापून आलंय.

संयोगिता : येऊ दे. ती त्या गावच्या चंचळबेनची पद्धत आहे. मी त्यांना दहादा सांगितलं, त्यांनी दहादा खोडलं. आता घरातलं माणूसही तेच करणार असेल तर कसं व्हायचं?

उदयसिंहराव : बरं, ते नंतर बघू. हे ऐक. "दरम्यान, इसवी सन दोन हजार सात ते अकरा या काळात दिल्ली येथे प्रतिनियुक्तीवर राहून राष्ट्राच्या मृत्तिका-धोरणास…"

संयोगिता : कुठे?

उदयसिंहराव : अं?

संयोगिता : कुठे राहून?

उदयसिंहराव : दिल्ली.

संयोगिता : दोन हजार सात ते अकरा मी दिल्लीला होते?

दुर्गा : मी जरा चहाचं बघते.

संयोगिता : वहिनी, बसा. दादा, सांग.

उदयसिंहराव : त्याचं काय झालं, त्या वर्षी कोजागरीला भास्कररावांनी मला चारचौघांत विचारलं, काय हो, तुमच्या बहिणीचं नाव हल्ली कुठे दिसत नाही? मी दुधाचा पेला तोंडाला लावला होता. पटकन काही सुचेना. म्हणालो, दिल्लीला आहे.

संयोगिता : एका पेल्यात चार वर्षं?

उदयसिंहराव : मग दर कोजागरीला ते विचारायचेच. एकदा दिल्लीला धाडल्यावर तुला परत आणायचं कसं?

संयोगिता : म्हणून भास्करराव भेटले की मला दिल्लीच्या थंडीबद्दल विचारतात! मी आपली म्हणते, हो, असते बुवा थंडी. मला वाटायचं, वय झालंय बिचाऱ्यांचं.

दुर्गा : मी तेव्हाच म्हटलं होतं ह्यांना, खोटं बोलायचं तर भरूचपर्यंतच बोलावं. दिल्ली फार लांब पडते.

संयोगिता : दादा, त्या चार वर्षांत मी आमच्या माती संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर होते. जुन्या फायलींच्या खोलीत. ते लिही.

उदयसिंहराव : मानपत्रात कुणी असलं लिहितं का? कुळाची अब्रू…

संयोगिता : मग मानपत्र नको मला. शाल-नारळ घेऊन येईन घरी. पण दिल्ली ऐकायला त्या स्टेजवर बसणार नाही.

दुर्गा : संयूताई, एक विचारू? तेव्हा मला एवढंच कळलं होतं की ऑफिसात काहीतरी बिनसलंय. तुम्हीही घरी येणं कमी केलं होतं. नेमकं काय झालं होतं?

संयोगिता : माती खाल्ली होती मी, वहिनी. साध्या मराठीत त्याला तेच म्हणतात.

दुर्गा : नीट सांगा ने.

संयोगिता : सांगते. दोन हजार चार साली मी चाळिशीची होते. पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर काम मिळालं होतं, जेसंगपऱ्याचं गोचर. गावच्या गुरांच्या चराईची जमीन. वीटभट्टीवाले वरची चार फूट माती खरवडून घेऊन गेले होते. बडोद्यात तेव्हा धडाधड सोसायट्या उठत होत्या, विटा लागत होत्या. आपली ही इमारतही तेव्हाचीच. कुणाच्या मातीची आहे, कुणास ठाऊक. खाली जे उरलं होतं ते तव्यासारखं. पाऊस पडला की पाणी वरच्यावर वाहून थेट मही नदीच्या कोतरांत, घळींत.

दुर्गा : मग?

संयोगिता : मी हिशेब मांडला. जमीन आत दाबली गेलीय, पाणी मुरत नाही, तर खोल नांगर घालून फोडा. मोठे ट्रॅक्टर आणले, दोन-दोन हात खोल चिरली. चौदाशे झाडं लावली. पहिल्या पावसात पाणी असं मुरलं की बघत राहावं! मी फोटो काढले, लेख लिहिला, बक्षीस मिळालं. अकरा गावांना वरून पत्रं गेली, संयोगिता घाटग्यांनी सांगितलंय तसं करा.

उदयसिंहराव : तेव्हा मी मंडळात पेढे वाटले होते.

संयोगिता : वाटलेस. आणि गोचराला लागूनच चंचळबेनची दोन विघे जमीन होती. तीही तशीच खरवडलेली. मी म्हटलं, आमचा ट्रॅक्टर आलाच आहे, तुमचीही फोडून देतो, पैसे नकोत. ती बाई आडवी उभी राहिली. म्हणाली, बेन, जिचं कातडं सोललंय तिला आता चिरता कशाला? मी वहीत काय लिहिलं माहीत आहे? "महिला शेतकरी सहकार्य करत नाही."

दुर्गा : आणि तिनं काय केलं?

संयोगिता : दिसायला काहीच नाही. वेड्या बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, गुरं आत जाऊ नयेत म्हणून. बाजरीचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या, जे गावात कुणाला नको असेल ते आणून पसरलं. मेंढरंवाले आले की चार रात्री त्यांची मेंढरं तिथे बसवायची. आणि वाट बघायची. मला वाटायचं, अडाणी आहे बिचारी.

दुर्गा : मग कळलं कधी?

संयोगिता : तिसऱ्या पावसाळ्यात. आठवतं, तेव्हा इथे विश्वामित्री नदीचं पाणी किती वर आलं होतं? तो पाऊस जेसंगपऱ्यातही पडला. माझ्या चिरलेल्या जमिनीचा नुसता चिखल झाला, आणि ऊन पडल्यावर तो असा बसला की पहिल्यापेक्षा घट्ट. वर पापडी धरली. चौदाशेतली अकराशे झाडं मेली. लोक म्हणाले, पाऊसच तसा होता, तुमचा काय दोष? मीही तेच म्हणणार होते. पण दोन्हीकडची ढेकळं उचलून आणली, राळेत घातली, महिनाभर वाळवली, घासून काचेवर घेतली. आणि बघितलं.

उदयसिंहराव : बघितलं नसतंस तर?

संयोगिता : तर आज तलवारीसकट तुझं मानपत्र ऐकत बसले असते. दादा, माझ्या मातीत एकही वाट उघडी नव्हती. बारीक गाळ जाऊन सगळे बोळ बुजलेले. नांगरानं जमीन फुटते, पण फुटलेले तुकडे एकमेकांना धरून ठेवायला आत काही जिवंत लागतं. मुळं, बुरशी, किडे. ते मी घातलंच नव्हतं. आणि चंचळबेनच्या काचेवर गवताच्या मुळांनी काढलेले जिने होते, गांडुळांनी पाडलेले बोगदे होते. कॉलेजात त्या हॉकीच्या मैदानाचं बघितलं होतं ना, तसं. मी खुर्चीवरून उठले, दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आले आणि परत बघितलं. तेच होतं.

दुर्गा : आणि ती पत्रं गेलेली अकरा गावं?

संयोगिता : तीच तर! वरिष्ठ म्हणाले, पुढच्या अहवालात एक ओळ टाकू, "काही ठिकाणी मिश्र परिणाम". पण अहवाल छापून यायला आठ महिने, आणि उन्हाळा संपायच्या आत ट्रॅक्टर निघणार. मग मी स्कूटी काढली आणि एकेका गावाला गेले. सरपंचाला सांगायचं, मी संयोगिता घाटगे, माझ्या नावाचं पत्र आलंय ते फाडा, माझं चुकलंय. सात गावांत नांगर चालून गेला होता. चार वाचली. एका गावात पोरांनी स्कूटीची हवा काढली. एका गावात म्हातारे सरपंच म्हणाले, बेन, सरकारी माणसं कागद घेऊन येतात. कागद परत न्यायला आलेलं पहिल्यांदाच बघतोय. आणि जेवायला घातलं.

दुर्गा : आणि संस्थेनं तुम्हाला तळमजल्यावर टाकलं.

संयोगिता : एका परिषदेत भर सभेत उभी राहून मी हे सगळं सांगितलं. त्यानंतर टाकलं. पण खोटं कशाला बोलू, वहिनी, ती चार वर्षं वाईट गेली नाहीत. फायलींना जेवायला लागत नाही. मी त्या खोलीत घासायचं यंत्र लावलं आणि बसून नऊशे काचा तयार केल्या. जे शिकायला हवं होतं ते तिथे शिकले. अकरा साली साहेब बदलले, मी परत जेसंगपऱ्याला गेले आणि चंचळबेनला म्हटलं, आता सांगा, कसं करायचं? ती म्हणाली, आधी बस.

उदयसिंहराव : बसच म्हणते ती. मलाही तेच म्हणाली होती.

संयोगिता : कोण?

उदयसिंहराव : अं? कुणी नाही. चिवडा जरा तिखट झालाय.

संयोगिता : दादा, तू चंचळबेनला कधी भेटलास?

उदयसिंहराव : सांगायलाच हवं का?

दुर्गा : हवं.

उदयसिंहराव : सात सालीच. तुला खाली टाकलं, त्या आठवड्यात. माझं डोकं भणाणून गेलं होतं. म्हटलं, ही कोण बाई, जिच्या दोन विघ्यांपायी माझ्या बहिणीचं नाव मातीत गेलं? तिला जाब विचारायचा. स्कूटर काढली आणि गेलो. सफारी घालून, म्हटलं जरा वजन पडेल.

दुर्गा : कुठला सफारी?

उदयसिंहराव : होता एक. गेलो तर ती कुंपण नीट करत होती. मी म्हटलं, मी संयोगिताचा भाऊ, तुमच्यामुळे तिची नोकरी धोक्यात आलीय. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली बस. बसायला तिथे होतं काय? मग म्हणाली, बसायचं नसेल तर हे धर. आणि बाभळीच्या फांदीचं टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं! का धरलं, मला अजून कळलेलं नाही. दुपारपर्यंत फांद्या ओढत होतो. मग तिनं ताक दिलं आणि म्हणाली, "तुझी बहीण गुडघ्यावर बसून जमीन बघते. बाकीचे साहेब गाडीतूनच बघतात. ती खरं बोलली यात तू एवढा का रडतोस?" मी रडत नव्हतो. काटा गेला होता हातात.

दुर्गा : अहो, तो क्रीम रंगाचा सफारी! माझ्या भावानं दिलेला! तुम्ही मला सांगितलंत, मांडवीजवळ गाय आडवी आली आणि स्कूटर घसरली!

उदयसिंहराव : गाय होती तिथे. चंचळबेनची.

दुर्गा : महिनाभर मी तुम्हाला स्कूटरला हात लावू दिला नाही! हळद-दूध पाजलं! हनुमानाला नारळ फोडला!

उदयसिंहराव : दूध चांगलं होतं.

संयोगिता : दादा, अठरा वर्षं हे पोटात ठेवलंस? मला का नाही सांगितलंस?

उदयसिंहराव : काय सांगणार? भांडायला गेलो आणि कुंपण घालून आलो? भास्कररावांसमोर तुला दिल्लीला पाठवून बसलो होतो. एक काढलं की दुसरं निघालं असतं. मला वाटलं, राहू दे, कोण विचारतंय.

संयोगिता : मी विचारतेय. आज.

उदयसिंहराव : दिल्ली काढली तर रविवारी माझं काय होईल, कळतं का तुला? दोनशे माणसांत भास्करराव माझ्याकडे वळून बघतील. मी त्या मंडळाचा बारा वर्षं चिटणीस होतो.

संयोगिता : मी अकरा गावांना गेले तेव्हा तशीच माझ्याकडेही माणसं वळून बघत होती. मरत नाही माणूस. स्कूटीची हवा जाते फार तर.

उदयसिंहराव : …तो कोरा कागद दे. आणि पेन. मी गच्चीवर जाऊन बसतो. खाली फार गडबड आहे.

दुर्गा : टोपी घाला, ऊन आहे.

उदयसिंहराव : टोपीचं काम नाही हे.

दुर्गा : गेले! संयूताई, चाळीस वर्षांत मी ह्यांना गच्चीवर एकदाच जाताना बघितलं होतं, पतंगाच्या दिवशी. बरं, मला एक दाखवा. तुम्ही त्या काचांमध्ये बघता तरी काय? इतकी वर्षं ऐकतेय, बघितलं एकदाही नाही.

संयोगिता : मोबाइलवर फोटो आहे. हा बघा. गोचरातली माती, या फेब्रुवारीतली. ढेकळाचा इतका पातळ काप की केसाच्या निम्मीसुद्धा जाडी नाही.

दुर्गा : अय्या! ही तर आमची घडियाळी पोळच आहे, तो जुना मोहल्ला! हा मोठा रस्ता, ह्या त्याला फुटलेल्या गल्ल्या, इथे गल्ली संपली असं वाटतं आणि मागून वाट निघते. माझं माहेर असंच.

संयोगिता : बरोबर बघितलंत. त्या पांढऱ्या जागा रिकाम्या आहेत. त्यातूनच हवा जाते, पाणी जातं. चांगल्या मातीत निम्मी जागा रिकामी असते, वहिनी. लोकांना वाटतं, माती म्हणजे भरीव.

दुर्गा : आणि हे काळे-काळे मणी? मोहनमाळ तुटून सांडल्यासारखे?

संयोगिता : ती किड्यांची विष्ठा.

दुर्गा : शी! मी मोहनमाळ म्हटलं त्याला!

संयोगिता : मोहनमाळेहून मोलाची आहे. ती दिसली त्या दिवशी मी संस्थेत सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घातली होती. चौदा वर्षं लागली तिथे यायला. पहिली तीन वर्षं नुसती धूळ. चौथ्या वर्षी झिंझवो उगवलं, आपण मारवेल म्हणतो ते गवत. मुळं गेली, किडे आले, मागून गांडुळं आली. मी फक्त दर सहा महिन्यांनी जाऊन बघत होते आणि कुणी घाई करायला निघाला तर त्याला थोपवत होते. माझं शास्त्र एवढंच.

दुर्गा : मग रविवारी चंचळबेन स्टेजवर नको? नंबर आहे ना?

संयोगिता : आहे. पण येईल का? ऐंशीच्या पुढे गेलीय.

दुर्गा : द्या इकडे. गुजराती बायकांना बोलवायचं कसं, ते मला ठाऊक आहे.

[दुर्गा फोन लावते, पलीकडचं बोलणं तिच्या एकटीलाच ऐकू येतं.]

दुर्गा : जे श्रीकृष्ण, चंचळबेन! दुर्गाबेन बोलुं छुं, वडोदराथी. संयोगिताबेनना भाभी. हा, हा, मजामां… संयूताई, विचारतात, सत्कार कशाचा?

संयोगिता : सांगा, गोचरात गवत आलं त्याचा.

दुर्गा : म्हणतात, गवत तर गाईंनी खाल्लं, सत्कार कुणाचा करता? …नाही हो बेन, तुमचाही. तुमचं नाव लिहितोय… म्हणतात, नाव चंचळ रामसंग असं पूर्ण लिहा, गावात चंचळ तीन आहेत. …येणार! गाडी पाठवा म्हणतात, पण धार काढून झाल्यावर. …हां? हां, आहेत ने, वर गच्चीत आहेत… विचारतात, तो काट्यावाला भाई जिवंत आहे का?

संयोगिता : आता जास्तच आहे म्हणावं.

दुर्गा : चलो, आवजो, बेन. रविवारे मळिये. …आले बघा तेही खाली. अहो, घाम किती आलाय! म्हटलं होतं टोपी घाला.

उदयसिंहराव : हा घे कागद, संयू. तूच वाच. माझा चष्मा कुठे राहिला, सापडत नाही.

दुर्गा : डोक्यावर आहे तुमच्या.

उदयसिंहराव : असू दे. तूच वाच.

संयोगिता : "संयोगिता घाटगे माती बघतात. चाळीस वर्षे बघत आहेत."

दुर्गा : वा! रणरागिणी गेली?

संयोगिता : गेलीच म्हणायची. "दोन हजार चार साली त्यांनी जेसंगपऱ्याच्या गोचरात खोल नांगर घालायला सांगितला. ती चूक होती. ती त्यांना कोणी दाखवली नाही, त्यांची त्यांनी शोधली, आणि अकरा गावांत स्वतः जाऊन सांगितली. चार गावांच्या जमिनी त्यामुळे वाचल्या."

दुर्गा : पुढे?

संयोगिता : "त्यानंतरची चार वर्षे त्या दिल्लीस नव्हत्या. तसे त्यांच्या भावाने सांगितले होते, ते खोटे होते. त्या बडोद्यातच, संस्थेच्या तळमजल्यावरील एका खोलीत, काम करत होत्या. भावाचे घर तिथून दहा मिनिटांवर होते. तो एकदाही गेला नाही."

दुर्गा : वाचा ने, संयूताई.

संयोगिता : दादा, त्या खोलीत दोन माणसांना बसायला जागाच नव्हती रे. आला असतास तर फायलींवर बसावं लागलं असतं.

उदयसिंहराव : बसलो असतो.

संयोगिता : ठाऊक आहे मला. "जमीन परत कशी आणायची, ते जेसंगपऱ्याच्या चंचळबेन यांना आधीपासून माहीत होते. संयोगिताबाई ते त्यांच्याकडून शिकल्या, का घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जगाला सांगितले, आणि चौदा वर्षे धीर धरला. आज त्या गोचरात गाई चरतात." …एवढंच?

उदयसिंहराव : कमी झालं का? शेवटी एखादा श्लोक टाकू?

संयोगिता : टाकलास तर बघ! फक्त चंचळबेनचं नाव पूर्ण लिही. चंचळ रामसंग. गावात तीन आहेत.

उदयसिंहराव : लिहितो. आणि ती येणार?

दुर्गा : येणार. तुमच्या शेजारी बसवणार तिला. सफारी घालू नका म्हणजे झालं. …ही बेल वाजली, छापखान्याचाच माणूस असेल. पण अहो, एक ठरवायचं राहिलंच. रविवारी हे वाचणार तुम्हीच ना?

उदयसिंहराव : नको. तुम्ही वाचा.

दुर्गा : मी? माइकसमोर? उभ्या मंडळात तुमच्याइतका खणखणीत आवाज आहे कुणाचा?

उदयसिंहराव : दिल्लीच्या ओळीपाशी जातो तो आवाज. मघाशी गच्चीत वाचून पाहिलं. दोनदा.